सहा प्लेट पोहे

केशोरी,
२६ सप्टेंबर २०२५

भूमिका,

'प्रिय' लिहायला हात धजला नाही. दोन वर्षांनी लिहिते आहे, तेही कामापुरतं.

आज सकाळी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर आमच्या दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेचा फलक लागला. ८ नोव्हेंबर, दुपारी चार वाजता 'झाडीपट्टीची शान, रॅपर स्कार्फवाली', आणि रात्री नाटक. फलकावर तुझा फोटो आहे. म्हणजे डोळे तुझे, बाकी सगळा माझा गुलाबी स्कार्फ. कानाजवळचा इस्त्रीचा डागसुद्धा छापून आला आहे.

येऊ नको. एवढं सांगायला हे पत्र आहे.

फोन केला नाही, कारण माझा फोन घरात सगळ्यांचा आहे. सासूबाई त्यावरून माहेरी बोलतात, नणंदेची पोरं त्यावर खेळतात. कुणाचंही नाव उमटलं की आधी चार जण वाचतात, मग तो माझ्या हातात येतो. उत्तर पाठवलंस तर पुष्पाबाईच्या शिलाई दुकानाच्या पत्त्यावर पाठव. ती माझे ब्लाउज शिवते आणि फार प्रश्न विचारत नाही.

या घरात कोण राहतं ते तुला माहीत आहे. तरी लिहिते, कारण मुलाखतींमधून ते गाणं तू इतक्या वेळा स्वतःचं म्हणून सांगितलं आहेस, की विसरली असशील. २०१९ मध्ये अर्जुनीला माझ्या काकांच्या घरी मला पाहायला पाहुणे आले होते. मुलगा कोपऱ्यात गप्प बसला होता. बोलत होता तो त्याचा मामा. समाजात तो पारखी म्हणून नावाजलेला, प्रत्येक जण मुलगी पाहायला त्यालाच घेऊन जायचा. त्यानं मला पेपर मोठ्यानं वाचायला लावला. मी अर्धी बातमी वाचली आणि तो म्हणाला, "आवाज जाड आहे पोरीचा. घरात चालत नाही." मग पोहे संपवून उठला. मी एकोणीस वर्षांची होते.

तीन वर्षांनी, गोंदियाच्या होस्टेलात, खिडकीला चादर लावून आपण गाणं केलं. ताल तू मोबाइलवर केलास, शब्द आणि आवाज माझा, आणि व्हिडिओत तोंडावर माझाच स्कार्फ. त्याचं नाव घालू नको म्हणून तू अडवलंही होतंस. मी ऐकलं नाही. आमच्या लग्नात बाया समोरच्या पाहुण्यांना गारी गातात, शिव्यांची गाणी, आणि त्यात माणसाचं खरं नाव आणि गाव घ्यावंच लागतं. नाव नसलं तर ती गारी कुणालाच लागत नाही. मी रॅपला गारीसारखंच धरलं:

गाव याचं केशोरी, नाव शिवलाल,
पोरगी पाहाले आला, दात पानानं लाल.
सहा प्लेट पोहे रिचवले, सातवीचीबी घाई,
म्हने आवाज जाड पोरीचा, घरात चालत नाही.

मोबाइलवर चारशे लोकांनी पाहिलं तेव्हा. मला वाटलं, विझलं.

आणि त्यानंतर चार महिन्यांत मी त्याच शिवलालची सून झाले. धनेंद्र एकटाच मला पाहायला आला होता, वडिलांना न आणता. त्याचे वडील कोण हे मांडवात कळलं. तेव्हा उशीर झाला होता.

लग्नानंतर गाणं पेटलं. त्याचं श्रेय तुझं आहे, नाकारत नाही. पण इथे काय चालतं ते तुला ठाऊक नाही. मामाजी, म्हणजे माझे सासरे, रस्त्यानं गेले की शाळेची पोरं मागून ओरडतात, "सहा प्लेट." धान केंद्रावर कुणी त्यांना चहा दिला की दुसरा म्हणतो, "एकानं काय होते, सहा दे." गेल्या तीन वर्षांत ते एकाही लग्नाला गेले नाहीत. मुलगी पाहायला त्यांना कुणी बोलावत नाही. ते प्रत्येकाला एकच सांगतात, "मी दोनच प्लेट खाल्लो होतो." आणि ती पोरगी सापडली तर काय करीन, तेही सांगतात.

त्या पोरीच्या हातचा चहा ते रोज पितात.

आता तू त्यांच्याच गावात, त्यांच्याच मंडईत ते गाणार आहेस. येऊ नको.

रविता


केशोरी,
१२ ऑक्टोबर २०२५

भूमिका,

तुझं पत्र मिळालं. पुष्पाबाईनं ते अस्तराच्या कापडात गुंडाळून दिलं, जणू आम्ही दोघी चोरी करतो आहोत.

तू लिहितेस, आयोजकांना तेच गाणं हवं आहे, केशोरीत केशोरीचं गाणं झालं नाही तर बोलावलं कशाला असं ते म्हणतात. खरं असेल. मंडईच्या समितीत मामाजींचे दोन जुने वैरी आहेत.

तू हेही लिहितेस की मी घरात बसून आहे म्हणून बाहेर काय झालं ते मला कळत नाही. कळतं. अर्जुनीहून ज्या ट्रॅक्टरनं खत येतं, त्याच्या ट्रॉलीवर मागे माझी ओळ रंगवलेली आहे. इथल्या शाळेच्या गॅदरिंगमध्ये सातवीच्या चार पोरी स्कार्फ बांधून उभ्या राहिल्या आणि स्वतः जोडलेल्या ओळी म्हणाल्या. एकीनं गणिताच्या सरांचं नाव घेतलं. सर हसले, पण घाम पुसत हसले. मागच्या आठवड्यात शेजारच्या अंजूला पाहायला लोक आले, तर मुलाच्या बापानं पोह्यांची दुसरी प्लेट हातानं परत सारली. "नको, नको, गान्यात घ्याल," म्हणाला. अंजूला कुणी चालायला लावलं नाही, वाचायला लावलं नाही. मी खिडकीतून पाहत होते. माझ्या हातात लसूण होता.

हे सगळं स्कार्फवालीनं केलं असं लोक म्हणतात. मीही मान हलवते. नवेगावला तुझा कार्यक्रम झाला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "पोरगी बेशरम आहे, पन गारी आपल्यासारखीच बांधते." सासूबाईंनी आयुष्यभर लग्नात गारी गायल्या आहेत. मी भांडी घासत होते. त्या दिवशी भांडी लवकर संपली.

तू त्या मुलाखतीत "आवाज माझाच आहे" म्हणालीस, त्याचा राग अजून आहे. एका कार्यक्रमापुरता स्कार्फ घाल, असं मी म्हटलं होतं. रेकॉर्ड लावून ओठ हलवायचे, एवढंच ठरलं होतं. पण मी तरी काय करणार होते? धनेंद्रला सांगितलं असतं तर त्यानं बापाची बाजू घ्यावी की माझी? तो खताच्या दुकानातून थकून येतो, आल्यावर माझ्याशीच आधी बोलतो. त्याला मी या पेचात घालू शकत नाही.

आणखी एक गोष्ट तुला माहीत नाही. मामाजींना आता कमी ऐकू येतं. राइस मिलमध्ये वीस वर्षं काढली, कान गेले. सासूबाईंचा बारीक आवाज त्यांच्यापर्यंत पोचत नाही, धनेंद्र पुटपुटतो. पोचतो तो फक्त माझा आवाज. रोज सकाळी मी त्यांना पेपर वाचून दाखवते, पहिल्या पानापासून धानाच्या भावापर्यंत. पाहुण्यांना सांगतात, "सुनबाईचा आवाज खनखनीत आहे, दूरून आयकू येते." आपण काय बोलतो आहोत हे त्यांना कळत नाही आणि मी पुढची बातमी वाचते. कानाला मशीन लावा म्हटलं तर म्हणतात, "लावली तं लोक म्हनतील, गानं आयकाले लावली."

येणारच असशील तर एवढं कर. त्या चार ओळींवरचा आवाज काढून टाक. ताल राहू दे, म्हणजे नाच तुटणार नाही. आयोजकांना सांग, मशीन बिघडली.

रविता


केशोरी,
३१ ऑक्टोबर २०२५

भूमिका,

हलका धान कापून झाला. अंगणात सगळीकडे भुसा आहे.

तुझं दुसरं पत्र मी तीनदा वाचलं. आवाज काढायला तू तयार झालीस, बरं वाटलं. पण त्याखाली जे लिहिलंस त्यानं तीन दिवस जेवण गेलं नाही. "तू स्टेजवर ये. मी सगळ्यांसमोर स्कार्फ सोडते आणि सांगते, आवाज हिचा आहे. मी थकले रविता, दुसऱ्याच्या आवाजात ओठ हलवून." तुझ्या हस्ताक्षरात ते वाचताना मला पहिल्यांदा वाटलं, स्कार्फमध्ये तूही अडकलीस.

मी येणार नाही. आणि का येणार नाही ते खरं लिहायचं तर आधी एक खोटं दुरुस्त करावं लागेल.

मला मांडवात कळलं नव्हतं. साखरपुड्यालाच कळलं होतं. मामाजी आमच्या दारात चपला काढत होते आणि मी आतून ओळखलं. पान तेच, ढेकर तीच. त्यांनी मला पाहिलं, नाव विचारलं, शिक्षण विचारलं, आणि त्यांना काहीही आठवलं नाही. त्या वर्षी त्यांनी चाळीस मुली पाहिल्या असतील. मी त्यातली कितवी होते कुणास ठाऊक.

लग्नाला महिना होता. मी नाही म्हणू शकत होते. बाबांनी ऐकलं असतं. धनेंद्र मला आवडला होता हे खरं, पण तेवढंच नव्हतं. मला त्या घरात राहून दाखवायचं होतं. ज्या आवाजाला त्यानं घरात चालत नाही म्हटलं, तो त्याच्या स्वयंपाकघरात रोज ऐकवायचा होता. असा हट्ट धरला, आणि कुणाला सांगितला नाही. तुलासुद्धा नाही.

त्यामुळे मला कुणी इथे कोंडलं आहे असं म्हणायची सोय नाही. कडी आतून मीच लावली. आता बाहेरून उघडायला कुणी आलं, तर मला पहिलं दिसतं ते म्हातारं माणूस, जे गावातून खाली मान घालून चालतं. मी स्टेजवर चढले तर पोरं ओरडतील, शिवलालची सूनच ती. मग त्यांनी कुठं जायचं?

चार ओळींवरचा आवाज तेवढा काढ.

रविता


केशोरी,
९ नोव्हेंबर २०२५

भूमिका,

तू शब्द पाळलास. मी बायांमध्ये बसले होते, माझ्या डाव्या हाताला सासूबाई, उजव्या हाताला अंजू. तू मला शोधत होतीस ते डोळ्यांवरून कळत होतं. मी पदर पुढे ओढला.

चूक माझी झाली. आवाज काढ, ताल ठेव, असं मीच लिहिलं होतं. ताल मोकळा सोडला तर काय होतं, हे मला कळायला हवं होतं. सासूबाईंना कळलं असतं. गारी म्हणणारी बाई ओळ विसरली की मागच्या बाया ती उचलतात, हे मी लहानपणापासून पाहिलं आहे.

तू गप्प झालीस आणि अख्खी मंडई गायला लागली. पोरं, बाया, जिलेबीवाला, केळी विकणारा. चारही ओळी, एकही शब्द न चुकता. "सहा प्लेट"ला तर लोकांनी सहा बोटं वर केली. अंजूनंही केली, मग माझ्याकडे पाहून खाली घेतली. सासूबाईंनी ओठ घट्ट मिटले होते.

मामाजी पुढच्या रांगेत होते. जुने समिती सदस्य म्हणून त्यांना खुर्ची दिली होती, मुद्दाम स्टेजसमोर. त्यांना शब्द ऐकू आले नसणार. पण शेकडो माणसं आपल्याकडे वळून सहा बोटं दाखवतात, ते बहिऱ्याला ऐकू येतं. ते थोडा वेळ बसून राहिले. मग टोपी नीट केली, खुर्ची घडी करून बाजूला ठेवली आणि लोकांमधून घराकडे निघाले. मला उठता आलं नाही. बायांच्या मधून सून उठून सासऱ्यामागे पळाली असती, तर सगळ्यांनी विचारलं असतं, काऊन, काय झालं?

रात्री ते जेवले नाहीत. मी ताट झाकून ठेवलं.

ते गाणं मी केलं, भूमिका, पण काल मला ते थांबवता आलं नाही. मी तिथे बसले होते आणि माझ्याच ओळी माझ्या अंगावरून चालल्या होत्या.

रविता


केशोरी,
१३ नोव्हेंबर २०२५

भूमे,

तीन दिवस मामाजींनी पेपर वाचायला बोलावलं नाही. काल सकाळी बोलावलं. सासूबाई शेतावर गेल्या होत्या, धनेंद्र दुकानात. मी बसले, घडी उघडली.

"कडी लाव," ते म्हणाले.

मी लावली.

"त्या दिवशी लोक काय म्हनत होते?"

"काही नाही मामाजी. गानं होतं."

"बहिऱ्याले फसवू नको. मी ते गानं पुरं कधी आयकलोच नाही. लोक नुस्ते सहा प्लेट, सहा प्लेट करतात. मांगचं-पुढचं काय आहे?"

"मले नाही येत."

त्यांनी माझ्या हातातला पेपर घेतला आणि घडी घातली. "तीन साल झाले," म्हणाले. "चिचगडच्या लग्नात भोंगा लागला होता. भोंग्यातलं मले काही समजत नाही, नुस्ती घरघर. त्या दिवशी एक आवाज समजला. घरी आलो, तं तोच आवाज म्हने, मामाजी, चाय."

मी विचारलं, "मंग बोलले काऊन नाही?"

"बोलून काय करू? धनेंद्रले सांगतलं असतं तं तू माहेरी गेली असती. पेपर कोन वाचलं असतं?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. मी तीन वर्षं ज्या भीतीवर जगले, ती त्यांनी रोज सकाळी चहाबरोबर गिळली होती आणि मला कळू दिलं नव्हतं. गावात मात्र बोलत राहिले, पोरगी सापडली तर पाहून घेईन म्हणून. बोलले नसते तर लोकांना संशय आला असता.

"म्हन," ते म्हणाले. "सुरुवातीपासून."

बसून म्हणायला गेले तर श्वास पुरेना. उभी राहिले. ताल नव्हता म्हणून मांडीवर हात आपटत राहिले. तिन्ही कडवी म्हटली. त्यांचं दुसरं. तुला माहीत आहे का, ते गाणं कुणासमोर तोंड उघडं ठेवून मी पहिल्यांदाच म्हटलं. ऐकायला एक माणूस, तोही अर्धा बहिरा, आणि दाराला कडी.

ते कानामागे हात धरून ऐकत होते. त्यांच्या कडव्याच्या चौथ्या ओळीनंतर म्हणाले, "हे परत म्हन."

मी परत म्हटलं. म्हने आवाज जाड पोरीचा, घरात चालत नाही.

"हे मी बोललो होतो?"

"हो."

"तुले?"

"मले. अर्जुनीत, काकाच्या घरी."

"मले आठवत नाही," म्हणाले. "पोहे दोनच प्लेट होते, ते पक्कं आठवते."

"दोन म्हटलं तं ताल बसत नव्हता, मामाजी."

"म्हंजे तालासाठी मले साऱ्या तालुक्यात घुमवलं."

त्यांनी माफी मागितली नाही, मीही नाही. त्यांनी बंडीच्या खिशातून कागदात बांधलेला ब्लाउजपीस काढला आणि पेपरवर ठेवला. हिरवा, दुकानदारानं दाखवलेला पहिलाच असणार. तुमच्याकडे रीत आहे की नाही माहीत नाही. आमच्याकडे गारीत ज्याचं नाव घेतलं त्यानं गाणाऱ्या बाईला खण द्यायचा, आणि तिनं घेतला की ते नाव पुन्हा गायचं नाही. म्हणून काही बाया घ्यायला उशीर करतात, चांगलं नाव असलं की.

माझ्याकडे एकच चांगलं गाणं आहे, भूमे. त्याच्यापुढे तीन वर्षांत एक ओळ झाली नाही. मी खणाकडे पाहत उभी राहिले.

"मी घेतला तरी लोक थांबनार नाहीत," मी म्हटलं.

"लोकायचं राहू दे. तू थांबली का नाही, तेवढं सांग."

मी खण उचलला.

त्यांनी मान हलवली. मग पेपर उलगडून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "आता वाच. धनेंद्रले हे सांगायचं नाही. अन् कडी काढ, कोनी आलं तं काय म्हनन."

मी कडी काढली आणि धानाचे भाव वाचले.

तू काय करायचं ते तू ठरव. स्कार्फ तुझ्याकडे आहे, रेकॉर्डही. मला विचारशील तर त्या चार ओळी मी आता तुला देऊ शकत नाही. त्या दिल्या गेल्या.

आज खण घेऊन पुष्पाबाईकडे आले आहे, तिच्याच टेबलावर हे लिहिते आहे. तिनं कापड मापून पाहिलं आणि म्हणाली, "कोनं आनलं हे? कमी आहे. बाह्या निघनार नाहीत."

"बिनबाह्याचा शिव," मी म्हटलं.

तिनं टेप गळ्यात टाकली. "तुमच्या घरात? घालशील कुठं?"

"ते माहीत नाही. तू शिवून ठेव."

रविता